कोंबड्या आणि दूध

सेनगावच्या कॉलेजात सी भाषा शिकवतो मी, पण पोरांना ती समजते आमच्या लॅब सांभाळणाऱ्या बाईंकडून. हेच माझं दुखणं. मी फळ्यावर इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांश अशा व्याख्या लिहितो, तेव्हा पोरं जांभया देतात. शेजारच्या गोरेगावहून जीपनं येणाऱ्या या बाई बडीशेप चघळत एवढंच म्हणतात, "इंट म्हंजे कोंबड्या, फ्लोट म्हंजे दूध. सात कोंबड्या दोघींत वाटल्या तर?"

"तीन-तीन."

"अन् उरलेली कोण दाखवील?"

"टक्क्याचं चिन्ह, बाई. बाकी तेच दाखवतं."

वर्ग खिदळतो. माझ्या विनोदांना तो असा कधी हसला नाही.

परवा भर वर्गात माझ्या प्रोग्रामनं तीन आणि चारची सरासरी तीनच दाखवली. मला चूक सापडेना.

"सर, काहून असं येऊन राहिलं?" एका पोरीनं विचारलं.

मी प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा तीनच. बाई कीबोर्ड पुसायच्या निमित्तानं आल्या, भागाकारातल्या दोनचं गुपचूप दोन पॉइंट शून्य केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सरांनी मुद्दाम चुकवलं व्हतं. तुमी वळखता का, ते पाहून राहिले."

पडद्यावर साडेतीन आलं. पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या रुबाबात घेतल्या.

आता बाईंचा हेवा करायचीही मला चोरी झाली आहे. करतो, पण लपून.