मार्थाआंटीच्या दारावरचा स्टार

मार्थाआंटी गेली त्या दिवशी तिच्या दारावरचा ख्रिसमसचा स्टार मी कात्रीने कापून काढला.

मला कुणी सांगितलं नव्हतं.

नायगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. तिला हॉस्पिटलमधून घरी आणत होते. लोक येणार, आणि दारात लाल स्टार, चमकीच्या माळा.
आमच्याकडे माणूस गेलं की दारावरचं तोरण आधी उतरवतात. मी स्टूल घेतलं आणि उतरवलं.

दोनच आठवड्यांपूर्वी तिने तो लावला होता. नेहमीसारखा, कसाही. खिळ्याला जुन्या परकराची नाडी बांधून. खाली मनीप्लांटवर कापूस टाकलेला, तो बर्फ. लायटिंग आमच्या दिवाळीची, तीही अर्धी बंद.

"आंटी, डावीकडे झुकलाय."
"झुकू दे. तू काय ऑडिटला आलीस?"
"दोन मिनिटं लागतील. सरळ करते."
"अगं बाय, येशू गोठ्यात जन्मला. त्याला माझा स्टार चालतो, तुलाच चालत नाही!"

दफन करून आल्यावर तिचे मिस्टर, पीटर अंकल, दारात थांबले. वर बघत राहिले.

"स्टार कुठाय?"
"मी काढला, अंकल. घरात असं झाल्यावर..."
"आमच्यात नाही काढत गं."
मग चपला काढता काढता, "तिने बांधलेला होता."

रागावले नाहीत. आत जाऊन पंखा लावला. मी स्टार टेबलावर ठेवला आणि घरी आले.

माझे सासरे गेले तेव्हा हीच आंटी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारत होती, "तुमच्यात काय करतात ते सांग. मी तसं करते."

सोळा वर्षं समोर राहून मी तेवढंही विचारलं नाही.
तिचा मान राखत होते, की फक्त माझी सवय पाळत होते? वर्षभर विचार करतेय. रडूही येत नाही.

आज वर्ष झालं.

सकाळी अंकल स्टार घेऊन आले. "तूच लाव."

स्टुलावर चढले तेव्हा दिसलं. खिळ्यावर आंटीची गाठ तशीच आहे. मी घाईत गाठीच्या खाली कापलं होतं, चार बोटं नाडी लोंबतेय.
मे महिन्यात त्यांनी दाराला नवा रंग लावून घेतला. खिळ्याभोवतीची तेवढी जागा जुन्याच रंगाची आहे.
म्हणजे अंकलनी ती सोडायला लावली. मी रोज समोरून जाते. आज बघितलं.

त्या नाडीला नवी दोरी जोडली. स्टार डावीकडे झुकला.

"अंकल, सरळ करू का?"
"नको."

मग कापूस आणला. मनीप्लांटवर टाकला, कसाही.

भावपूर्ण वगैरे काही लिहिता येत नाहीये.

आंटी, स्टार लागलाय.
या वेळी विचारून लावलाय.