शुक्रवारी माझ्या लाईनवर कोण होतं?

आधीच सांगते, भूत, आत्मा, बाधा यातलं मी काही मानत नाही. आमच्या मोरिवलीत अंगात येणाऱ्या बायका लहानपणापासून बघितल्यात, तेव्हाही मानलं नाही. पुढे फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, मग तर प्रश्नच मिटला. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जातच नाही... 

आमचं घर एमआयडीसीला लागून. बाबा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, तेही कॉन्ट्रॅक्टवर. आई घरी बसून उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापायची. टेम्पोतून गठ्ठे यायचे, त्या गठ्ठ्यांना टेकून मी अभ्यास करायचे. पत्रे गळायला लागले की आधी जीन्स झाकायच्या, मग आम्ही. आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी अभिमानाने लिहितेय. माझं एमएस्सी चालू असताना बाबा गेले. झोपेतच, हार्ट अटॅकने.

नंतर मी पुण्याला पीएचडीला लागले. विषय — तारे आणि ग्रह कसे तयार होतात. लोक विचारतात, लाखो वर्षं चालणारी गोष्ट तुम्ही बघता कशी? मी म्हणते, बदलापूरला एक चक्कर मारून या. कुठे पाया खणलाय, कुठे स्लॅब पडलाय, कुठे प्लास्टर चाललंय, कुठे गॅलरीत कपडे वाळतायत. एकही बिल्डिंग तुमच्यासमोर उभी राहत नाही, पण बिल्डिंग कशी उभी राहते ते एका दिवसात कळतं. आम्ही ताऱ्यांचं तेच करतो. वेगवेगळ्या वयाचे तारे बघायचे आणि क्रम लावायचा.

माझा तारा अगदी कोवळा. भोवती अजून वायू आणि धुळीची चकती आहे. ठराविक दिवसांनी धुळीचा एक ढग आडवा येतो आणि ताऱ्याचा उजेड मंदावतो. तेवढ्या वेळात त्या उजेडाचे रंग वेगळे करून मोजायचे. बारीक धूळ निळा उजेड जास्त अडवते, मोठे कण सगळे रंग सारखेच अडवतात. म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला लागलेत का, ते कळतं. ग्रह घडायची सुरुवात तिथूनच.

त्यासाठी चिलीतली मोठी दुर्बीण हवी होती. दोनदा अर्ज नाकारला गेला, तिसऱ्यांदा अर्धी रात्र मिळाली. माझी फेलोशिप संपत आलेली. माझे गाईड सर स्पष्टच म्हणाले होते, "हे हुकलं तर थिसिसला बूड नाही. आणि नवीन विषय घ्यायला तुझ्याकडे वेळ नाही."

नेमकं त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब घालायला दुसरं कोण? मी घरी आले. अडचण नव्हती — दुर्बीण चालवणारा ऑपरेटर तिथे बसतो, आपण व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायच्या. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ.

कागदावर गुरुवारची रात्र लिहिलेली. मी तासांचा हिशेब चोख केला, वाराचा विचारच केला नाही. तिथली गुरुवारची रात्र म्हणजे आपली शुक्रवारची सकाळ... आणि शुक्रवारी एमआयडीसी बंद, दुरुस्तीसाठी लाईट बंद. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुण्यात राहून मी विसरले.

ऑपरेटर मातेओ, तरुण, हसरा माणूस. आम्ही नुकतंच सुरू केलं होतं, उजेड अजून कमी झाला नव्हता. आणि नऊच्या सुमारास पंखा थांबला. राउटर गेला. कॉल तुटला.

आतून आई म्हणाली, "शुक्रवार आहे ना गं आज."

"मग आधी सांगायचं ना, आई."

"तू सायंटिस्ट. मला वाटलं, माहीत असेल."

मोबाईलला रेंज नव्हती. नियम असा, की आपण लाईनवर नसलो की ऑपरेटर थोडा वेळ थांबतो आणि दुर्बीण पुढच्या ताऱ्याकडे वळवतो. मी लॅपटॉप उचलला आणि बाहेर पळाले. कंपन्या बंद, त्यामुळे नाक्यावर रिक्षाही नाही. कशीबशी एक मिळाली, स्टेशनकडे लाईट असते, तिथे मैत्रिणीच्या क्लासवर पोचले, तिच्या वायफायवर कॉल लावला. तासभर तरी गेला असेल. सगळं संपलं, असंच धरून चालले होते.

स्क्रीनवर अजून माझाच तारा.

"आलीस?" मातेओ म्हणाला. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. "तो म्हातारा सांगतच होता."

"कोण म्हातारा?"

"तुझ्या लाईनवर होता ना. चेहरा नव्हता दिसत, नुसता आवाज. पुढच्या ताऱ्यावर जाऊ का विचारलं, तर म्हणाला, 'रिलीव्हर कमिंग. डोन्ट लीव्ह.' दर वेळी तेवढंच. रिलीव्हर म्हणजे तू का? मागे कुठल्यातरी मशीनच्या मोटारीचा फार आवाज होता."

त्या वेळी आमच्या बाजूला कुठल्याच कंपनीत एकही मोटार चालू नव्हती. आणि लॅपटॉप तर माझ्या काखेत, बंद.

ज्यांच्या घरात कोणी प्लांटवर असेल त्यांना सांगायला नको. मोटारीने केमिकल घुसळणारा रिअ‍ॅक्टर चालू असताना पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय ऑपरेटर जागा सोडत नाही. रिलीव्हर नाही आला तर डबल शिफ्ट. बाबांची अर्धी नोकरी तशीच गेली. आठवीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी बोलायचा ते फक्त प्लांटवरचं.

काम सोडता येईना. उरलेला वेळ पूर्ण केला. नंतर डेटा उघडला. उजेड मंदावला होता तो मी नसतानाच्या त्या तासात. सगळा ढग आडवा जाऊन संपलाही होता.

घरी येऊन आईला सांगितलं. डोळ्यावर पट्टी, भिंतीला टेकून बसलेली.

"मेल्यावर पण ओव्हरटाईम," ती म्हणाली. "घरात दोन मिनिटं बसला नसता का? बायकोचा डोळा कापलाय."

"आई, ते बाबा होते असं मी म्हणत नाहीये."

"मग कोण होतं, ते सांग."

तिने तोंड फिरवलं. रागावली होती ती, आणि राग माझ्यावर नव्हता.

मी सोडलं नाही. कॉलची नोंद मागवली — माझा आयडी मधे तुटलेलाच नाही. दुसरं कोणी त्या लिंकवर आलेलं नाही. लिंक सरांकडेही होती, पण ते तेव्हा वर्गात शिकवत होते. कॉल रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे आवाज ऐकायची सोय नाही. मातेओला मी इतक्यांदा विचारलं, की शेवटी तो म्हणाला, "मी ऐकलं ते सांगितलं. आता तू मला घाबरवतेयस." नोंद चुकली असेल, तिसऱ्याच कुणाचा कॉल मिसळला असेल... सगळं लावून बघितलं. काहीच पूर्ण बसत नाही. अजूनही कुठे मोटारीचा आवाज आला की मी बोलता बोलता थांबते.

तुमच्यापैकी कोणाला तांत्रिक कारण सुचलं तर जरूर सांगा. खरंच बरं वाटेल. आईला मात्र सांगणार नाही.

डेटा दोघांनी स्वतंत्रपणे तपासला, त्यात खोट निघाली नाही. माझा पेपर छापून आला, पहिलं नाव माझं. थिसिस मंजूर झाला. त्या ताऱ्याभोवतीचे कण मोठे होऊ लागलेत, हे आम्ही दाखवलं.