नागवेकरांचा उत्तरकाळ

खामगावात चित्रांतलं ज्याला कळतं असा एकच माणूस आहे आणि तो मी, असं माझं तीस वर्षं ठाम मत होतं. या मताला दुजोरा देणारं कोणी भेटलं नाही, पण खोडून काढणारंही कोणी भेटलं नाही. मी चित्रांवर बोलायला लागलो की लोकांना राहिलेली कामं आठवतात.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, बाजूला नारळाचं झाड. ज्या पोरांनी देवळाबाहेर नारळ पाहिला होता पण झाड कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्याकडून मी हजारो नारळाची झाडं काढून घेतली. माझं स्वतःचं चित्र म्हणाल तर एकही विकलं गेलं नाही. एक मेव्हण्याला भेट दिलं होतं. भिंतीला जिथे ओल येते, तिथे त्याने ते लावलंय आणि त्याचा चांगला उपयोग होतो असं तो म्हणतो.

ज्याला स्वतःला धड काढता येत नाही तो दुसऱ्यांच्या चित्रांवर बोलू लागतो. माझा बोलण्याचा विषय म्हणजे 'दौलूच्या सफरी'. दहा भागांची ही जुनी मालिका. कोकणातला दौलू नावाचा पोरगा, त्याचा कप्तान मामा, त्यांचं गलबत आणि दर दहा पानांनी एक पानभर चित्र. पहिल्या आवृत्तीची चित्रं नागवेकरांची. बारीक टाकाने काढलेली, गलबताचा दोरन् दोर मोजून घ्यावा अशी. पुढच्या आवृत्तीला केळसकर आले. त्यांच्या चित्रात सगळ्यांचे गाल गुबगुबीत, भर वादळातही माणसं आत्ताच श्रीखंड खाऊन उठल्यासारखी हसतात. आता मिळणारी आवृत्ती कम्प्युटरवर काढलेली आहे. तिच्यात दौलू, मामा आणि शार्क मासा यांचे डोळे सारखेच आहेत, एका आईची लेकरं असावीत तसे.

माझ्याकडचा संच पहिल्या आवृत्तीचा. पिंपळगाव राजाच्या अलीकडे आमचं मूळ गाव आहे. तिथल्या वाचनालयाने 'बाद' असा शिक्का मारून ही पुस्तकं काढली, तेव्हा मी ती पोत्यात घालून घरी आणली. त्या दहा भागांतली अकरा चित्रं इतर चित्रांशी जुळत नव्हती. त्यांतल्या लाटा सरळ रेषेत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकीखाली एक. गलबत रुंद आणि बुटकं. डोलकाठीच्या दोराला बैलाच्या दाव्याची गाठ. आणि कप्तान! नागवेकरांचा कप्तान एरवी देखणा, गुळगुळीत. या अकरा चित्रांत मात्र त्याचे गाल बसलेले, कान मोठे आणि एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली. कागदही जाड होता. उजेडात धरला की आत दुरेघी वहीसारख्या फिकट रेषा दिसायच्या.

शहाण्या माणसाने यावरून काय ते ओळखलं असतं. मी बावीस पानांचा लेख लिहिला, 'नागवेकरांचा उत्तरकाळ'. सरळ लाटांना मी 'समुद्राचे अमूर्तीकरण' म्हटलं. गाठीला 'लोककलेचे ऋण' म्हटलं. दुरेघी रेषांबद्दल तर लिहिलं, की या काळात चित्रकाराने स्वतःवर समांतर रेषांची कठोर शिस्त लादून घेतली होती. लेख प्रकाशकांना पाठवला. उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांना मान्य आहे असं मी धरून चाललो. एका दिवाळी अंकाने अठरा पानं गाळून तो छापला. शेवटी तळटीप होती, की चौथ्या भागातलं वादळाचं चित्र नागवेकरांनी दोनदा काढलं असून त्यातलं आधीचं चित्र 'प्रस्तुत लेखकाच्या खासगी संग्रहात' आहे. संग्रहात ते कसं आलं, हे लिहिलं नव्हतं. अभ्यासकाने सगळंच सांगायचं नसतं.

गेल्या वर्षी गावच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली. अध्यक्ष हिंमतरावांचा फोन आला. "सर, तुमचं भाषण ठेवून राह्यलो. आन् आपल्या रामरावचा फोटो लावायचा हाय." रामराव म्हणजे वाचनालयाचे शिपाई. अडतीस वर्षं त्यांनी कुलूप उघडलं, माठ भरला, पुस्तकं दिली-घेतली आणि फाटकी पुस्तकं घरी नेऊन बांधून आणली. ते वारले त्याला सहा वर्षं झाली. फोटोखाली बसवायची पाटीही तयार होती, 'यांनी एकही पान गहाळ होऊ दिले नाही.'

कार्यक्रमाचा फ्लेक्स हिंमतरावांनी बसस्टँडवर लावला. दहा फुटी. वर माझं लाडकं उत्तरकाळातलं वादळ आणि खाली मी, वीस वर्षांपूर्वीच्या मिशांसकट.

चौथ्या दिवशी दारात कौशल्याबाई उभ्या, रामरावांच्या पत्नी. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या एसटीने आलेल्या, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या. पाणी प्यायच्या आधीच म्हणाल्या, "शेखर, तो फ्लेक्स उतरव बाप्पा."

"काऊन काकू? माझा फोटो जुना आहे म्हणून?"

"तुह्या फोटोकडं कोण पाह्यते! वरचं चित्र काढ."

"ते नागवेकरांचं आहे काकू. उत्तरकाळातलं."

"मले नाही माहीत कोण नागवेकर," त्या म्हणाल्या. "ते म्या काढलं."

मी हसलो. आता हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मी हसलो. मग मी त्यांना समोर बसवून दहा मिनिटं समजावून सांगितलं, की ते चित्र त्यांनी काढलेलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावर वीजबिल पडलं होतं, ते उलटं केलं, माझं पेन घेतलं आणि पाच सरळ लाटा ओढल्या. वर एक मोठा कान काढला, एक भुवई काढली, मग दुसरी भुवई जरा खाली. माझा उत्तरकाळ वीजबिलाच्या पाठीवर मावला.

मग त्यांनी सांगितलं. रामराव फाटकी पुस्तकं घरी आणायचे. खळ कौशल्याबाई शिजवायच्या, शिवायचे रामराव. एकदा चौथा भाग आला, त्यातलं वादळाचं पान कोणीतरी ब्लेडने सफाईने कापून नेलेलं. तेव्हाचे चिटणीस कडक होते. पान गेलं तर शिपाई गेला, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. रामराव दोन दिवस जेवले नाहीत. चौथी पास कौशल्याबाईंनी समोरचं पान वाचलं आणि त्यात लिहिलंय तसं चित्र काढलं. भाचीच्या दुरेघी वहीची दोन पानं एकमेकांना चिकटवून कागद जाड केला.

"समुद्र लांबवर पसरला होता, असं लिहेल होतं. लांबवर पसरेल म्हणजे म्या वावरच पाह्यलं होतं, नांगरेल. तेच काढलं."

"आणि कप्तान?"

"कप्तान हेच." त्यांनी पदर सारखा केला. "दुसऱ्या कोण्या माणसाकडं टक लावून पाह्याची सोय होती काय? याईच्याकडंही नव्हती, घरात सासू-सासरे. याईनं खाली मान घालून शिवलं का म्या पाहून घ्याची."

लहानपणी मी दर रविवारी या रामरावांकडून पुस्तक घ्यायचो. तो चेहरा समोर दोन हातांवर असायचा. पुढे त्याच चेहऱ्याबद्दल मी लिहिलं, 'सात समुद्रांनी थकवलेली मुद्रा'. पुस्तक घेताना माणसाकडे कोण पाहतं!

"काकांना माहीत होतं?"

"होतं तं. पहिल्या वेळी काही बोलले नाहीत. पुढं कोणी कोणी पानं नेतच राह्यले, तं दुसऱ्या वेळी नवा टाक आणून देल्ला." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आता तू त्या चित्रावर भाषण करशीन. लोक नीट पाह्यतीन. म्हणतीन, रामरावनं खोटे पानं घातले. मंग फोटो कोण लावते? शेखर, मले माह्यासाठी काही नको. याईचा फोटो लागू दे. तू सांगू नको कोणाले."

मी लगेच शब्द दिला. किती लगेच, तर त्यांनाही नवल वाटलं असेल. त्यांना जे झाकायचं होतं, तेच झाकलं गेलं तर माझा लेखही वाचत होता. वर पुण्य. असा योग आयुष्यात क्वचित येतो.

पण तिसरी एक गोष्ट होती. ते ब्लेड माझं होतं. माझं म्हणजे वडिलांचं, दाढीचं. नऊ वर्षांचा होतो, वादळाचं ते चित्र मला गिरवायचं होतं, आणि वहीत ठेवून रोज पाहायचं होतं. पुढे तेच पान ट्रंकेत गेलं आणि खासगी संग्रह झालं. वाचनालयाकडे चौथ्या भागाच्या दोन प्रती असतील, अशी पन्नास वर्षं मी माझी समजूत घालत आलो. रामराव दोन दिवस जेवले नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. मी काकूंना चहा दिला, एसटीत बसवून दिलं. मेथीही ठेवून घेतली.

माझी बायको पुष्पांजली आतून सगळं ऐकत होती. मेथी निवडत म्हणाली, "पान तुम्ही कापलं, झाकलं त्या बाईनं, आणि भाषण पण तुम्हीच देणार."

"तुला कोणी सांगितलं मी कापलं?"

"लग्न होऊन आले तेव्हाच ट्रंकेत पाहिलं होतं. मला चित्रातलं नाही कळत. कापलेलं पान आणि सुटलेलं पान यातला फरक कळतो."

त्या रात्रीचं जेवण मेथीचं होतं. मला घास गेला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पान पिशवीत घेतलं, पण बाहेर काढायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, बहुधा नाही असंच ठरलं होतं. बसस्टँडवरचा फ्लेक्स मी उतरवायला सांगितला होता; हिंमतरावांनी तो आणून व्यासपीठावर टांगला होता. फोटोवरचं कापड हिंमतरावांनी बाजूला केलं. टाळ्या झाल्या. फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला. बसलेले गाल, मोठे कान, एक भुवई वर. आणि त्याच्या मागे दहा फुटांचा कप्तान.

हिंमतराव माइक हातात घेऊन एकदा फोटोकडे, एकदा फ्लेक्सकडे पाहू लागले. "सर, हा तुमचा कप्तान तं आपल्या रामरावसारखा दिसून राह्यला!" सभागृह हसलं, मग माना उंच करून पाहू लागलं. "तुम्ही जाणकार. नागवेकर इकडं आले होते काय कधी?"

कौशल्याबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. 'योगायोगाचे सौंदर्यशास्त्र' असा शब्दही सुचला होता, आणि तो मला आवडलाही होता. पण ते गुंडाळलेलं बोट पाहवेना. शब्द दिला होता तो त्यांच्याबद्दल. माझ्याबद्दल मी कोणाला काही शब्द दिला नव्हता.

"नागवेकर इकडे कधी आले नाहीत," मी म्हणालो. "माझा लेख चुकीचा आहे, बावीसच्या बावीस पानं. नागवेकरांचं चित्र हे." मी पान बाहेर काढलं. "हे मी नऊ वर्षांचा असताना वाचनालयाच्या पुस्तकातून ब्लेडने कापलं. रामरावांची नोकरी जायची वेळ आली होती, ती माझ्यामुळे. पुढचं मला सांगता येत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरच चोर निघाले बे!" ते माझ्याच विद्यार्थ्यांपैकी असावं, आवाज ओळखीचा होता. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग कौशल्याबाई उठल्या. "पुढचं मी सांगतो," त्या म्हणाल्या. "अकरा पानं गेले होते. अकराही म्या काढले. याईची काही चूक नाही. पाटी काढायची असंन तं काढा, पण फोटो राहू द्या."

हिंमतराव पाटीजवळ गेले आणि ती पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी मोठ्याने वाचली. 'यांनी एकही पान गहाळ होऊ दिले नाही.' मग वळून म्हणाले, "यात काढण्यासारखं काय हाय? गहाळ होऊ देल्लं कुठं? एक नाव तेवढं लिहायचं राह्यलं."

मी खाली उतरलो आणि ते पान कौशल्याबाईंच्या हातात दिलं. माफी मागायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना चष्मा काढायचा होता. पन्नास वर्षांपूर्वी जे चित्र नव्हतं म्हणून त्यांनी दुसरं काढलं, ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं, मग वर फ्लेक्सकडे पाहिलं. अशाच चित्रांच्या तुलनेवर मी बावीस पानं लिहिली होती. आता मी वर्गात उभं केलेल्या पोरासारखा उभा होतो.

"समुद्र याचा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पाणी वाटते. माह्यं वावरच झालं." मग नागवेकरांच्या देखण्या कप्तानावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

"पण हा माणूस," त्या म्हणाल्या, "कोणाच्या घरचा वाटत नाही."