घाटावरचे चाकाचे बूट

दादा मुंबईहून कायमचा परत आला तो चैत्रात. दोन वर्षं तो तिथं एका छापखान्यात कामाला होता. वडील नांदेडच्या तहसील कचेरीत पेशकार. त्यांनी वरच्या साहेबाच्या विनवण्या करून त्याच्यासाठी कचेरीत जागा मिळवली आणि त्याला बोलावून घेतलं. त्याचं लग्न आधीच उरकलेलं होतं. वहिनी निलंग्याची, सोळा वर्षांची. घरात येऊन वर्ष झालं तरी तिनं नवऱ्याला धड पाहिलंही नव्हतं. मी तेव्हा अकराची.

त्याच्या ट्रंकेतून चाकाचे बूट निघाले. बूट कसले, लोखंडी पट्ट्या, खाली चार-चार चाकं आणि वर चामड्याचे पट्टे. ते चपलेसारखे पायाला बांधायचे.

"समुद्राच्या कडेनं लांबच लांब रस्ता आहे," दादा सांगायचा. "उन्हाळ्याच्या दिवसांत सांजच्याला तिथं हे लावून पोरं सुसाट जातात. पोरीसुद्धा."

पोरीसुद्धा म्हणताना त्यानं चुलीकडे पाहिलं. वहिनीनं मान वर केली नाही, पण तव्यावरची भाकरी करपली.

नांदेडात समुद्र कुठला? गोदावरी होती, तीही आटून पार पलीकडच्या काठाला गेलेली. पण घाटावर भिंतीच्या कडेनं फरसबंदीची सपाट वाट होती. उजाडायच्या सुमाराला तिथं चिटपाखरू नसायचं. दादा तिथं जायला लागला, आणि थोड्या दिवसांनी पाणी आणायच्या निमित्तानं आम्हा दोघींनाही नेऊ लागला.

वहिनी पहिल्यांदा पडली तेव्हा तिचं कोपर सोलवटलं. मला वाटलं, आता रडेल. ती हसायला लागली. तिला हसताना मी तोवर ऐकलंच नव्हतं. मग तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला बांधला आणि उठली. आठवडाभरात ती वाटेच्या टोकापर्यंत जाऊन वळून यायला लागली. फरशीच्या सांध्यांवर चाकं खडखडायची. दादा अनवाणी तिच्यामागं पळायचा, आणि मी भरलेल्या कळशा राखत पायरीवर बसायचे.

शेजारच्या बाईनं हे आईच्या कानावर घातलं. आईनं आम्हाला दारातच अडवलं.

"सून घाटावर चाकं लावून नाचून राहिली म्हणे. लोक मला विचारून राहिले, काय सांगू?"

"नाचत नाही, आई. चालतीय, जरा जोरात," दादा म्हणाला.

"उद्यापासून पाण्याला मी जाईन."

आणि ती खरंच गेली. बूट पुन्हा ट्रंकेत गेले.

वैशाखात पटकी आली. आधी नदीकडच्या आळीत, मग गावभर. कचेरीतून हुकूम निघाला तसा दादा चार जणांबरोबर विहिरींत लाल औषध टाकत फिरायला लागला. एक दिवस तो दुपारीच घरी आला आणि जेवला नाही. ऊन कलेपर्यंत त्याचे डोळे आत गेले होते. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आला. त्यानं दादाच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. डॉक्टर वडिलांना घेऊन अंगणात गेला. दादाच्या पोटऱ्यांत गोळे येत होते आणि वहिनी त्या दाबत होती. दिवेलागणीला तिला कुणीतरी सांगितलं, "आता सोड, पोरी."

आई रडता रडता थांबली आणि वहिनीला म्हणाली, "फिरवलंस ना त्याला चाकांच्या मागं? आता फीर."



अर्धापूरहून वडिलांची बहीण आली. तिनंच दहाव्याला न्हावी बोलवायचं ठरवलं. वडील तेव्हा ओसरीवर बसले होते. वहिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याआधी ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

"मामंजी, केस राहू द्या. मी कुठं जाणार नाही, कुणाला दिसणार नाही."

वडिलांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले. ते परत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. वहिनी लाल आलवणात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे कान एवढे मोठे होते हे मला त्या दिवशी दिसलं, आणि मी तिच्याजवळ जायला भ्याले.

महिन्याभरात तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि तिला निलंग्याला घेऊन गेला. त्यानंतर आईनं ट्रंक उघडली आणि बूट जुनं लोखंड घेणाऱ्याला देऊन टाकले. माझी वडिलांशी बोलायची इच्छाच गेली. ते काही विचारायचे, मी मान हलवायचे.

पुढं मला लातूरला दिलं. निजामाचं राज्य अजून होतं. यजमान कामानिमित्त निलंग्याला निघाले तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. वहिनी भावाच्या स्वयंपाकघरात होती. धुरानं डोळे लाल झालेले, अंगावर मांस नाही. तिनं मला ओळखलं आणि बसायला पाट दिला. घाटाचं काही बोलावं की नाही, मला कळेना. तीही बोलली नाही. माझी सासू कशी आहे, पाण्याला लांब जावं लागतं का, असलं विचारत राहिली.

मग म्हणाली, "आत्याबाई बऱ्या आहेत का?"

ती माझ्या आईला आत्याबाई म्हणायची. मी म्हणाले, "आई गेली. गेल्या दिवाळीआधी."

तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि आलवणाच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली. दादा गेला त्या दिवशी ती तशी रडली नव्हती. बाहेरून भावजय विचारत होती, भात झाला का म्हणून. शेवटी मी उठले आणि चुलीवरचं भांडं उतरवलं.