फिट है, सर

माझं शेवटचं पोस्टिंग जम्मूच्या पुढे डोंगरात होतं. मी डॉग हँडलर, हवालदार. माझ्याकडे झारा होती. काळी लॅब्राडोर, वय पाच, काम रस्त्यात पुरलेला बारूद हुंगून काढणं. आमच्या नशिराबादला पारावरची मंडळी अजून विचारतात, "कुत्रं फिरवायला सरकार पगार देतं व्हय?" देतं बाबा. आणि आज बोलावलं तरी मी त्याच कामाला जाईन.

पाचला उठायचं. साडेपाचला झाराला फिरवून आणायचं. मग अंगावरून ब्रश, पंजे, कान, दात, थर्मामीटर, आणि सगळं वहीत लिहायचं. तिला ब्रश भारी आवडायचा. मी जरा थांबलो की नाकानं माझा हात ढकलायची. त्या अर्ध्या तासाइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही, बायकोसमोर सांगतो.

सहाला व्हेटर्नरी कॅप्टनसाहेब येत. केरळचे. बोलायला तुसडे. हँडलरनं सॅल्यूट करून रिपोर्ट द्यायला तोंड उघडलं की साहेब हात वर करत. "तुमको बाद में." आधी कुत्र्यापाशी गुडघे टेकून बसत, ओठ उचलून हिरड्या बघत, पोट चाचपत. मग म्हणत, "हां, अब बोलो." आम्हाला राग यायचा. चोवीस तास कुत्र्याबरोबर आम्ही, आणि विश्वास आमच्यावर नाही!

नव्हता, ते बरोबरच होतं. कुत्रं अनफिट ठरलं की बेसच्या हॉस्पिटलला जायचं. बरं होऊन ते आपल्याच हातात परत येईल याची गॅरंटी नसायची. म्हणून हँडलर बारीकसारीक दुखणं झाकायचे. लंगडतंय? काल काटा रुतला होता, सर. सगळेच करायचे. मीही करायचो.

त्या थंडीत कॅप्टनसाहेब रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर नवे होते, केनेलच्या दारातूनच चौकशी करायचे. झारानं दोन दिवस अर्धं खाणं टाकलं होतं. पाणी मात्र सारखं पीत होती. अंग गरम लागत होतं. तिसऱ्या दिवशी गाड्यांचा कॉन्व्हॉय जायचा होता, त्याआधी सकाळी रस्ता आम्ही तपासायचा होता.

"कैसी है?"

"फिट है, सर."

वहीत मी लिहिलं, खाणं पूर्ण, टेम्परेचर नॉर्मल.

०६१०ला निघालो. पुढे झारा, मागे मी, माझ्यामागे दहा जण. ती रोजच्यापेक्षा हळू चालत होती. ०७२५ला रस्त्याखालच्या एका मोरीपाशी थांबली. हुंगलं आणि खाली बसली. बारूद सापडल्याची ही तिची खूण. मी हात वर केला. सगळे जमिनीवर आडवे झाले. मी तिला हळूच मागे बोलावलं. ती उठली, माझ्यापर्यंत आली आणि पडली.

"डॉग डाउन. ओव्हर."

"गोली लगी क्या? ओव्हर."

"नहीं. बीमार है. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"कब से बीमार है? ओव्हर."

मी बटण दाबलं. "अभी अचानक. ओव्हर."

०८४०ला ती गाडीतच गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. मोरीतून बारुदानं भरलेला मोठा डबा निघाला. त्या रस्त्यानं दुपारी एकवीस गाड्या सुखरूप गेल्या. झाराला तिरंग्यात गुंडाळून सलामी दिली आणि मला शाबासकी मिळाली. रजेवरून आल्यावर कॅप्टनसाहेबांनी कागद वाचले. गर्भाशयात पू झाला होता, ते आतच फुटलं. "पेट पे हाथ रखते तो पता चलता," इतकंच म्हणाले. मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा खोटंच बोललो असतो, माझं मला ठाऊक आहे.

घरी मी सांगितलं, झारा ड्युटीवर अचानक गेली. गावानं तेच ऐकलं.

निवृत्त झाल्यावर गावातलंच एक पिल्लू पाळलं. त्याचं नाव सुभेदार ठेवलं. मी हवालदारच राहिलो, निदान घरी तरी सुभेदाराला "बैठ" म्हणता येतं. गेल्या उन्हाळ्यात तो मलूल झाला. जवळच्या शहरात एका चकचकीत दवाखान्यात नेलं. डॉक्टर टेबलापलीकडून म्हणाले, "काय होतंय?"

"तसा बराय. खात नाही जरा."

माझ्या तोंडून गेलंच! सवय, दुसरं काय. डॉक्टरांनी खुर्चीतूनच गॅसचं औषध लिहून दिलं. मी ते घेऊन मुकाट घरी आलो.

तीन दिवसांनी सुभेदार उठेना. बायको साक्रीकडची, चिडली की थेट माहेरच्या बोलीवर येते. "तो बठ्ठा दिन उपाशी शे. तुमनं काय चालू शे?" तिनंच धुळ्याला भावाला फोन लावला. मेहुण्याच्या तीन म्हशी आहेत. तो म्हणाला, "दाजी, आठे एक मॅडम शे. म्हशीसनी डॉक्टर. पन जनावरले हात लावस."

म्हशींची डॉक्टर कुत्र्याला काय करणार, असं मनात आलं. पण ती जनावराला हात लावते, एवढं मला पुरेसं होतं. गाडी केली. रस्ताभर सुभेदार मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर पडून होता आणि मला मागे वळून बघवत नव्हतं.

मॅडम तिशीतल्या, गमबूट घातलेल्या, नुकत्याच कुणाचा गोठा बघून आलेल्या. त्या फरशीवरच बसल्या. मी सुरू केलं, "तसा तो..."

"थांबा हो काका."

ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक. बोटांच्या बेचक्यांतून चार गोचिडी काढून मला दाखवल्या. मला! रोज पंजे तपासणाऱ्या माणसाला! लाजेनं मेल्यासारखं झालं. मॅडमनी कानातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर बघितला. गोचीड ताप. लगेच सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं.

"वाचेल का?" बायकोनं विचारलं.

"आज आणलंत म्हणून वाचेल. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं."

कुत्र्यासाठी डॉक्टर कसा निवडावा, असं मला बरेच जण विचारतात. एसी बघू नका, पाटी बघू नका. तुमचं ऐकून घ्यायच्या आधी तो कुत्र्याला हात लावतो का, तेवढं बघा. कारण आपण धड सांगत नाही. भीतीपोटी सांगत नाही.

सलाइन चालू असताना मॅडम कार्ड भरायला बसल्या. "काका, याआधी कुत्रं होतं का तुमच्याकडे? कशानं गेलं?"

बायको माझ्या आधी बोलली. "आर्मीतली होती, मॅडम. ड्युटीवर अचानक गेली."

मॅडमचा पेन कार्डावर टेकला. मी त्यांना थांबवलं. मी उभा होतो, आपोआप सावधान झालो.

"अचानक नाही, मॅडम. लिहा. नाव झारा. दोन दिवस अर्धं खाणं टाकलं. पाणी जास्त पीत होती. अंग गरम होतं. तशात तिनं मोरीतला बारूद काढला. हँडलरला सगळं माहीत होतं."