डिस्पॅचच्या वाट्याची लाईन

संघमित्रा, राहुल,

परवा फोनवर संघमित्रा सांगत होती, तिला तिकडच्या ऑफिसात नेटची वाटणी ठरवायचं काम मिळालंय. कोणत्या विभागाला किती स्पीड द्यायचा, ते. "कंटाळवाणं काम आहे गं आजी," म्हणाली. म्हणून हे आत्ताच लिहिते. मी अशाच एका वाटणीच्या शेवटच्या टोकाला बसलेली बाई आहे.

त्या दिवशी मिलच्या ऑफिसात मी डिझाइनमधल्या हेतलच्या खुर्चीवरून उठले. दारापर्यंत पोचलेही नव्हते. मागे फस्स असा आवाज झाला. वळून पाहिलं. मी आत्ताच वापरलेल्या कीबोर्डवर हेतल स्प्रे मारून फडकं फिरवत होती. मग माउस. मग खुर्चीचे हात. माझ्याआधी त्याच खुर्चीवर सेल्सचा माणूस बसून गेला होता. तेव्हा स्प्रे खणातच होता. आणि करोना अजून यायचा होता.

सुरतेबाहेर कडोदऱ्याजवळची साड्यांची मिल. नेटची लाईन एकच. मॅनेजर जिग्नेशभाईंनी ती राउटरमध्ये वाटून टाकली होती. डिझाइनला सर्वांत जास्त, मग सेल्स, मग अकाउंट. आमच्या डिस्पॅचचं विचारलं तर म्हणाले, "जो बचे वो डिस्पॅच का. तुम लोगों को चाहिए भी कितना?"

तुम लोग म्हणजे डिंडोली-गोडादऱ्याच्या मराठी वस्त्यांतून येणारे आम्ही.

पण मालाची गाडी गेटबाहेर काढायची तर सरकारी साइटवर ई-वे बिल बनवावं लागतं. आमच्याकडे अर्धा फॉर्म भरेपर्यंत साइट बाहेर फेकायची. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या शेजारचा शांताराम धुळ्याकडचा. म्हणायचा, "ताई, स्क्रीनवरलं चाक फिरी ऱ्हायनं, गाडीनं नही."

तोडगा जिग्नेशभाईंनीच काढला. "मासी, हेतलबेन का लंच हो तब उधर बैठके बना लो ना." हेतल माझ्या मुलीच्या वयाची. ती बेन, मी मासी. झाडायला येणाऱ्या बाईलाही मासीच म्हणत.

खरं सांगते, तिथे बसल्यावर आधी राग आला नाही. हेवा वाटला. पान एका टिचकीत उघडत होतं. बाजूच्या खिडकीत तिचा गाण्याचा व्हिडिओ लागलेला, तोही न अडखळता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, ऑफिसची इंग्रजी पत्रं मी लिहायची, आणि ही लाईन तिच्या गाण्याला!

मग तो फस्स आवाज.

माझे वडील गिरणीत कामाला म्हणून सुरतेला आले. गावी त्यांच्या आईला दारोदार उरलेली भाकर मागावी लागे. त्यांनी घरात एकच नियम केला होता: कुणाचं उरलेलं या दारातून आत येणार नाही. लग्नाच्या पंगतीत उरलेला लाडूसुद्धा नाही. शेजारणी हसायच्या. आम्ही भावंडं चिडायचो. त्या दिवशी खाली माझ्या टेबलाकडे परतताना जिन्यात उभी राहून मला कळलं, मी रोज लंचच्या वेळी कुठे जात होते.

दुसऱ्या दिवशी लंचची वेळ झाली. मी उठले नाही. गाडी भरून गेटवर उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. माझ्या स्क्रीनवर चाक.

सेठ स्वतः खाली आले. "गाडी केम ऊभी छे?"

"लाईन नथी, सेठ."

जिग्नेशभाई मागून म्हणाले, "मासी को बोला है, हेतलबेन के वहाँ से बनाओ. आज नखरा है."

"मी तिथे बसणार नाही. मी उठले की खुर्ची पुसतात."

सेठ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. घड्याळाकडे बघत होते. "नोकरी करनी है ना, मासी?"

त्या ऑफिसात मी नेहमी गुजराती नाहीतर हिंदी बोलायची. त्या दिवशी तोंडातून मराठीच निघालं. "करायची आहे. माझ्या टेबलावर. उरलेल्या लाईनवर नाही."

शांतारामनं आपल्या कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. आता बिल बनवणारं कुणीच नव्हतं. हॉर्न वाजत राहिला.

माल अडला होता, म्हणून लाईन दिली त्यांनी. न्याय म्हणून नाही. डिझाइनच्या वाट्यातून थोडी कापून डिस्पॅचच्या नावावर घातली. माफी कुणी मागितली नाही. मासीची बेन झाले नाही. पगारवाढ त्या वर्षी मला सोडून सगळ्यांना झाली.

काही दिवसांनी हेतल दारात आली. "मासी, हवे मारुं पेज अटकी जाय छे."

आता पान तिचं अडकत होतं. मला आनंद झाला. चांगला भरपूर झाला. तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

तुमची आई म्हणते, इतकी वर्षं झाली, मनातलं काढून टाक. नाही काढणार. राग विझतो, अपमान बोथट होतो. हेव्याला मात्र दिसतं कुणाला किती मिळालं, आणि ते कुणी ठरवलं. संघमित्रा, आता ते तू ठरवणार आहेस. शेवटच्या टेबलावर जाऊन एकदा बस. मग आकडे टाक.

माझी नोकरी संपली. ती मिल विकली गेली, असं ऐकते. माझा हेवा शिल्लक आहे.