फंडाचे पापड

नांदेडच्या आमच्या गल्लीत कुणी फंड काढला की त्या घरी लग्न निघालं, हे सगळे धरूनच चालायचे. एरवी फंडाला हात लावायचा तो रिटायर झाल्यावरच. घर, आजारपण, शिक्षण यांसाठीही तो आधी काढता येतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

बारावीनंतर मला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. बाबा पाटबंधारे खात्यात चौकीदार. फी भरायला दुसरा पैसा नव्हता, म्हणून त्यांनी फंडातून पैसे मागितले आणि कारण खरं तेच लिहिलं, मुलीचं शिक्षण. त्यांच्या ऑफिसातला शिपाई आमच्याच गल्लीत राहायचा. त्यानं आपल्या घरी जाऊन 'फंड निघाला' एवढंच सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन दारात हजर. लग्नाचे पापड लाटायला!

"कुठला हाय म्हणं जावई?" समोरच्या काकूंनी विचारलं.

मी चिडून आत जाऊन बसले. आई आधीच 'पोरीला एवढ्या लांब कशाला' म्हणत होती. आता या बायका स्थळं सुचवणार आणि माझं लातूर राहणार, अशी मला धास्तीच बसली.

आईनं उडदाच्या पिठाची परात पुढ्यात ओढली.

"जावई न्हाई. पोरगी लातूरला शिकायला जायलीय. लाटा की, तिलाबी पापड लागतेतच."

बायका जरा रुसल्या, मग हसल्या आणि लाटायला बसल्या. त्या पापडांवर आमच्या होस्टेलच्या खोलीनं वर्ष काढलं. तसा पापड मी पुन्हा खाल्ला नाही.

आता मी लातूरलाच एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. यंदा माझ्या लेकीला पुण्याला प्रवेश मिळाला. मोबाइलवरच फंडाचा अर्ज केला, पैसे खात्यात आले. शेजारच्या दाराला पत्ताही लागला नाही. सोय झाली खरी, पण आई आता नाही, ती गल्ली नाही.

बाबा माझ्याकडेच असतात. त्यांना म्हटलं, "बाबा, फंड निघाला."

 ते काठी टेकत स्वयंपाकघरात गेले, पोळपाट खाली काढला आणि म्हणाले, "उडदाचं पीठ हाय का गं घरात?"